चाळिशीचा चष्मा आणि काचबिंदू

"डॉक्टर, फक्त नंबर बघा. उजव्या डोळ्यानं जरा कमी दिसतंय. काच बदलली की होईल ठीक," असे म्हणत एक निवृत्त शिक्षक काही वर्षांपूर्वी माझ्यासमोर येऊन बसले. वय एकसष्ट. प्रकृती ठणठणीत, पहाटेचे फिरणे कधी चुकलेले नाही, सुपारीचे खांडसुद्धा तोंडात नाही. डावा डोळा हाताने झाकायला सांगितला, तेव्हा समोरच्या तक्त्यावरचे सर्वांत मोठे अक्षर ते मान वाकडी करून शोधू लागले. डोळ्यातला दाब मोजला. उजव्यात ३४, डाव्यात २८. बाहुली मोठी करणारे थेंब घालून आत पाहिले, तर उजव्या डोळ्याची नस पांढरीफटक पडलेली आणि डाव्याची निम्म्याहून अधिक पोखरलेली. गुरुजींना काचबिंदू होता आणि तो आजकालचा नव्हता.

मला सर्वांत जास्त खटकली ती गोष्ट वेगळीच. त्यांनी खिशातून जुन्या चष्म्यांच्या चिठ्ठ्या काढून दाखवल्या. शिक्षकाची शिस्त! सोळा वर्षांत चार वेळा चष्मा बदललेला होता आणि चारही वेळा नंबर काढला होता तो चष्म्याच्या दुकानात. या सोळा वर्षांत एकदाही कोणी त्यांच्या डोळ्यातला दाब मोजला नव्हता, एकदाही कोणी नस पाहिली नव्हती. "पण गुरुजी, कधी दुखलं नाही?" मी विचारले. "दुखलं असतं तर आलो नसतो का?" ते म्हणाले. काचबिंदूची सगळी अडचण या एका वाक्यात आहे.

या रोगाच्या नावानेच आपल्याकडे बराच घोटाळा करून ठेवला आहे. मोतीबिंदू आणि काचबिंदू ही सख्खी भावंडे असावीत, आधी एक होतो, तो पिकला की दुसरा होतो, आणि दोन्हींवर इलाज एकच, असा समज शिकल्यासवरल्या घरांतही आढळतो. प्रत्यक्षात मोतीबिंदू म्हणजे डोळ्यातले भिंग गढूळ होणे. ते काढून कृत्रिम भिंग बसवले आणि डोळ्याचे बाकीचे भाग चांगले असले की दृष्टी परत येते. काचबिंदू हा नसेचा रोग आहे. डोळ्याच्या पडद्यापासून मेंदूपर्यंत जाणारी जी नस आहे, तिच्यात दहा-बारा लाख बारीक तंतू असतात. काचबिंदूत हे तंतू हळूहळू, वर्षानुवर्षे मरत जातात. मेलेला तंतू पुन्हा जिवंत करण्याचा उपाय आजही जगात कोठे नाही. गेलेली नजर परत येत नाही; उरलेली राखता येते, एवढेच आपल्या हातात असते.

तंतू मरतात कशाने? डोळ्याच्या आत एक स्वच्छ पाणी सतत तयार होत असते. हे अश्रूंचे पाणी नव्हे. ते बुबुळाच्या मागे तयार होते, बाहुलीतून पुढे येते आणि बुबुळाच्या कडेला जो कोन असतो तेथील बारीक जाळीतून झिरपून रक्तात मिसळते. मोरीच्या तोंडावरची जाळी तुंबली आणि नळ मात्र चालूच राहिला तर काय होते ते गृहिणींना सांगायला नको. डोळा बंद गोळा असल्याने पाणी बाहेर सांडत नाही, आतला दाब वाढतो आणि त्याचा ताण नसेवर पडतो. साधारणपणे हा दाब पाऱ्याच्या १० ते २१ मिलिमीटरच्या दरम्यान असतो. येथे एक खुलासा करणे जरूर आहे. 'डोळ्याचं प्रेशर' आणि 'ब्लडप्रेशर' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. "मी प्रेशरची गोळी रोज घेतो, मग हे कसं वाढलं?" हा प्रश्न मला आठवड्यातून एकदा तरी ऐकावा लागतो. ती गोळी रक्तदाबाची. डोळ्याचा हिशेब निराळा.

बरे, दाब २१ च्या आत असला म्हणजे निश्चिंत व्हावे, असेही नाही. काहींची नस इतकी नाजूक असते की १६-१७ दाबालाही ती झिजते. उलट काहींची नस २४-२५ दाब वर्षानुवर्षे सोसते. म्हणून नुसता दाब मोजून भागत नाही, नस डोळ्यांनी पाहावी लागते. नसेच्या तोंडाशी एक छोटी वाटीसारखी खोलगट जागा असते. ती वाटी मोठी आणि खोल होऊ लागली की तज्ज्ञाला संशय येतो. मग कोनाची तपासणी आणि बाजूची नजर मोजण्याची फील्डची तपासणी करून निदान पक्के करतात.

बाजूची नजर म्हणण्याचे कारण असे, की बहुतेकांत काचबिंदू आधी कडेकडेची दृष्टी खातो आणि मधली शेवटपर्यंत शाबूत ठेवतो. त्यामुळे तक्त्यावरची शेवटची ओळ खडाखडा वाचणाऱ्या माणसालाही बराच पुढे गेलेला काचबिंदू असू शकतो. कडेला काळोख दिसतो, अशी अनेकांची कल्पना असते. तसे नसते. हरवलेली जागा मेंदू आजूबाजूच्या चित्राने भरून काढतो आणि एका डोळ्याची उणीव दुसरा डोळा झाकतो. माणसाला कळते ते आडवळणाने. दाराच्या चौकटीला खांदा लागतो. जिन्याची शेवटची पायरी चुकते. बाजूने आलेली सायकल एकदम अंगावर आल्यासारखी वाटते. घरचे म्हणतात, "वय झालं, लक्ष नसतं हल्ली." गुरुजींच्या घरीही हेच म्हणत होते. त्यांचे वडील म्हातारपणी पूर्ण आंधळे झाले होते, तेही 'वयामुळे'च असे घरात ठरून गेले होते. ते खरोखर काय होते, ते आता कोण सांगणार?

काचबिंदूचा दुसराही एक प्रकार आहे, तो मात्र गाजावाजा करत येतो. यात पाणी जाण्याचा कोनच अरुंद असतो आणि एखाद्या दिवशी तो एकाएकी बंद होतो. दाब काही तासांत ५०-६० पर्यंत चढतो. डोळा लालभडक, अर्धे डोके फुटेल अशी वेदना, दिव्याभोवती रंगीत कडी आणि उलट्या. उलट्यांमुळे सगळेच फसतात. पित्त झाले, अर्धशिशी उठली म्हणून सलाईन लावून दोन दिवस काढलेल्या बायका मी पाहिल्या आहेत. तोवर डोळ्याचे जे व्हायचे ते होऊन जाते. डोके दुखून उलट्या होत असतील आणि त्याच बाजूचा डोळा लाल असून धूसर दिसत असेल, तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, डोळ्यांच्या डॉक्टरकडे पोचले पाहिजे. हा प्रकार आशियातील लोकांत अधिक दिसतो. त्यातही स्त्रियांत आणि ज्यांना दूरच्या नजरेसाठी अधिकचा, म्हणजे 'प्लस' नंबर असतो अशांत जास्त. अरुंद कोन वेळीच लक्षात आला तर लेसरने बुबुळाला बारीक छिद्र पाडतात. काही मिनिटांचे काम असते, भरती व्हावे लागत नाही आणि पुढचा अनर्थ बहुधा टळतो. काहींच्या बाबतीत आतले फुगीर भिंग काढल्यानेही कोन मोकळा होतो.

यावरून 'पिकलेल्या' मोतीबिंदूची आठवण होते. "अजून पिकला नाही, पिकू द्या," हा सल्ला पूर्वी डॉक्टरच देत असत आणि त्या काळच्या शस्त्रक्रियेला धरून तो ठीकही होता. आज त्याला अर्थ उरलेला नाही. अती पिकलेले भिंग फुगून कोन बंद करते किंवा त्यातला द्रव पाझरून जाळी तुंबवतो आणि मोतीबिंदूच्या पोटी काचबिंदू जन्माला येतो. सुगी झाल्यावर करू, लग्नकार्य आटोपल्यावर करू, असे म्हणत थांबलेले रोगी दुखता डोळा घेऊन येतात तेव्हा पुष्कळदा शस्त्रक्रिया करूनही हाती फारसे लागत नाही.

धोका कोणाला जास्त? चाळिशी ओलांडलेल्या सर्वांना थोडा आणि वय वाढेल तसा अधिक. दक्षिण भारतात मोठ्या प्रमाणावर झालेल्या पाहण्यांत चाळिशीपुढच्या दर शंभर माणसांत साधारण दोन ते चार जणांना काचबिंदू आढळला. त्यापैकी दहातल्या नऊ जणांना आपल्याला हा रोग आहे याची गंधवार्ताही नव्हती. मोठा उणे नंबर असलेले, मधुमेही, डोळ्याला पूर्वी मार लागलेला असलेले, यांनी अधिक जपावे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे रक्ताची नाती. आई, वडील, भाऊ, बहीण यांपैकी कोणाला काचबिंदू असेल तर आपला धोका कित्येक पटींनी वाढतो. आपल्याकडे रोग लपवण्याची खोड आहे. मुलीच्या लग्नात अडचण नको म्हणून वडिलांचा काचबिंदू भावकीला कळू देत नाहीत. त्यापायी सख्ख्या भावाचे डोळे जातात.

आणखी एक धोका असा आहे, की तो आपण पैसे देऊन विकत घेतो. उन्हाळा लागला की मुलांचे डोळे खाजतात, लाल होतात. मग मेडिकलमध्ये जाऊन "डोळे आल्याचे ड्रॉप्स द्या" असे सांगितले जाते आणि हातात बाटली पडते स्टेरॉइडची. दोन दिवसांत डोळा पांढराशुभ्र! मग तीच बाटली दरवर्षी, महिनोन्‌महिने, शेजारच्या मुलालासुद्धा. स्टेरॉइड हे वाईट औषध नव्हे; योग्य वेळी ते डोळा वाचवते. पण देखरेखीशिवाय ते वापरत राहिले, तर अनेकांच्या डोळ्यातला दाब चढतो आणि दहा-बारा वर्षांच्या मुलाला काचबिंदू होतो. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय हे औषध विकू नये असा नियम आहे. तो किती पाळला जातो, हे वाचकांनी आपल्याच गल्लीतल्या दुकानावरून ठरवावे. दमा, सांधेदुखी, त्वचारोग यांसाठी ज्यांना डॉक्टरांनी स्टेरॉइड दिले आहे त्यांनी मात्र हे वाचून ते परस्पर बंद करू नये. डोळ्यांचा दाब तेवढा मोजून घ्यावा.

तान्ह्या मुलांबद्दलही दोन शब्द. बाळाचे डोळे टपोरे आहेत म्हणून कौतुक होते. पण डोळे दिवसेंदिवस मोठे होत असतील, सतत पाणी येत असेल, बाळ उजेडाकडे पाहत नसेल किंवा बुबुळ निळसर धुरकट दिसत असेल, तर तो जन्मजात काचबिंदू असू शकतो. दृष्ट काढत बसू नये. त्याला शस्त्रक्रियाच लागते आणि ती जितकी लवकर होईल तितके बरे.

आता उपचारांकडे वळू. जर्मन नेत्रतज्ज्ञ फॉन ग्रेफे यांनी १८५७ मध्ये काचबिंदूवर बुबुळाचा तुकडा काढण्याची शस्त्रक्रिया मांडली, तोवर हा रोग म्हणजे अंधत्वाची शिक्षाच होती. १८७० च्या दशकात पायलोकार्पिनचे थेंब आले, १९७८ मध्ये टिमोलॉल आणि १९९६ मध्ये रात्री एकदाच घालायचे लॅटॅनोप्रॉस्ट. या सर्वांचे काम एकच, दाब उतरवणे. त्याचा उपयोग होतो का, याचे उत्तर स्पष्ट आहे. दाब वाढलेला आहे पण नस अजून चांगली आहे अशा लोकांवर अमेरिकेत मोठा अभ्यास झाला, त्याचे निष्कर्ष २००२ मध्ये आले. पाच वर्षांत, थेंब न घालणाऱ्यांपैकी शेकडा ९.५ जणांना काचबिंदू झाला. थेंब घालणाऱ्यांत हे प्रमाण ४.४ होते. स्वीडनमधील दुसऱ्या एका अभ्यासात दाबाचा प्रत्येक मिलिमीटर उतरवल्यागणिक रोग पुढे सरकण्याचा धोका सुमारे दहा टक्क्यांनी घटलेला आढळला.

इतके असून आमचे निम्मे रोगी थेंब सोडतात, असे म्हटले तर कोणी डॉक्टर हरकत घेईल असे मला वाटत नाही. कारण उघड आहे. थेंब घातल्याने आधीपेक्षा चांगले दिसत नाही, उलट डोळा चुरचुरतो, लाल होतो आणि बाटली महिन्यात संपते. "तीन महिने घातले, काही फरक नाही, म्हणून बंद केले." अहो, फरक न पडणे हाच येथे गुण आहे! यात दोष रोग्याचा जेवढा, त्याहून अधिक आम्हा डॉक्टरांचा आहे, असे मला प्रामाणिकपणे वाटते. बाहेर साठ माणसे ताटकळलेली असतात. आम्ही चिठ्ठी खरडतो, "हे आयुष्यभर घाला" म्हणतो आणि पुढचा नंबर पुकारतो. हे आयुष्यभर का घालायचे, हे सांगायला पाच मिनिटे लागतात. ती आम्ही देत नाही.

थेंब घालण्याचीही रीत आहे. खालची पापणी ओढून एकच थेंब टाकावा, डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा बोटाने दोन-तीन मिनिटे दाबून धरावा, म्हणजे औषध घशात उतरत नाही. दोन औषधे असतील तर मध्ये किमान पाच मिनिटे जाऊ द्यावीत. उघडलेली बाटली महिन्यानंतर वापरू नये. दमेकऱ्यांनी आणि हृदयाचे ठोके मंद असणाऱ्यांनी तसे डॉक्टरांना आधी सांगावे, कारण टिमोलॉल त्यांना घातक ठरू शकते.

ज्यांना थेंब जमत नाहीत किंवा परवडत नाहीत, त्यांच्यासाठी कोनाच्या जाळीवर लेसर करण्याचा मार्ग आहे. इंग्लंडमधील २०१९ च्या एका अभ्यासात अशा लेसरने सुरुवात केलेल्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश रोगी तीन वर्षे थेंबांविना राहू शकले. लेसरचा परिणाम कालांतराने ओसरतो, तेव्हा तपासणी सुटत नाही. याही उपायांनी दाब आटोक्यात येत नसेल तर पाण्याला नवी वाट करून देणारी शस्त्रक्रिया करतात. अवघड डोळ्यांत बारीक नळी बसवतात. पण शस्त्रक्रियेनंतर मोतीबिंदूसारखे पट्टी काढताच लख्ख दिसेल, अशी आशा धरू नये. आणि मध, गुलाबपाणी, डोळ्यांचे व्यायाम यांनी काचबिंदू बरा करतो म्हणणाऱ्यांच्या नादी लागून मोलाची वर्षे घालवू नयेत.

आता माझे म्हणणे. आपल्या देशात अंधत्व निवारणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ मध्ये सुरू झाला आणि त्याने मोतीबिंदूच्या बाबतीत फार मोठे काम केले. गावोगावची शिबिरे ही त्याचीच देणगी. पण शिबिराचे यश अजूनही शस्त्रक्रियांच्या आकड्यावर मोजले जाते. बॅनरवर तोच आकडा, फोटोखाली तोच आकडा. 'मोतीबिंदू नाही, घरी जा' असे सांगून परत पाठवलेल्यांपैकी काचबिंदू किती जणांना होता, ते कोणी विचारत नाही. शिबिरे भरवणाऱ्या मंडळांना माझी विनंती आहे, की चाळिशीपुढच्या प्रत्येकाचा दाब मोजा, नस पाहा, आणि संशयितांची यादी करून त्यांना पुढे पाठवा. पाच शस्त्रक्रिया कमी झाल्या तरी चालतील.

घरोघर जाऊन सर्वांचीच तपासणी करावी, असे काही जण सुचवतात. ते मला व्यवहार्य वाटत नाही. एका फेरीत काचबिंदूचे निदान होत नाही, यंत्रे लागतात, माणसे लागतात. त्याऐवजी जो माणूस डोळ्यांसाठी आपणहून घराबाहेर पडतोच आहे, त्याला गाठणे सोपे. आणि असा माणूस आपल्याकडे आयुष्यात एकदा हमखास बाहेर पडतो. पंचांगातली अक्षरे दिसेनाशी झाली, सुईत दोरा जाईना, की चाळिशी लागते. म्हणजे ज्या वयात काचबिंदू डोके वर काढतो, नेमक्या त्याच वयात! त्या दिवशी आपण दुकानात न जाता नेत्रतज्ज्ञाकडे गेलो, दाब आणि नस पाहून घेतली आणि मग चिठ्ठी घेऊन खुशाल हव्या त्या दुकानात गेलो, तर या रोगाचे कितीतरी रोगी वेळेत सापडतील. चष्मेवाल्यांशी माझे भांडण नाही. त्यांतले बरेच जण नंबर उत्तम काढतात. परंतु त्यांचे कॉम्प्युटरचे यंत्र नंबर सांगते, नसेचे काही सांगत नाही. खर्चाचे म्हणाल, तर फ्रेम निवडताना आपण किती सैल हात सोडतो ते आठवावे. सरकारी रुग्णालयात नेत्रविभाग असेल तर तेथेही ही तपासणी होते. एकदा सर्व ठीक निघाले तर दोन-तीन वर्षांनी पुन्हा; घरात कोणाला काचबिंदू असेल तर दरवर्षी.

गुरुजींना मी पहिल्याच दिवशी सांगितले होते, की भावाला आणि बहिणीला घेऊन या. भाऊ किराणा दुकानदार, वय चोपन्न. "मला तर सुपारीतला खडा दिसतो," म्हणून त्याने दीड वर्ष टाळले. शेवटी गुरुजींनीच त्याला दुकान बंद करायला लावून आणले. दाब २६, नस किंचित पोखरलेली, नजर पूर्ण शाबूत. तो आज रात्री एक थेंब घालतो, सहा महिन्यांनी येऊन जातो आणि दर वेळी मला ऐकवतो की काही फरक नाही. गुरुजींचा डावा डोळाही जेथे होता तेथेच थांबला आहे. बहीण दुसऱ्या तालुक्यात दिलेली. तिला निरोप गेले, पत्र गेले. पण सुनेचे बाळंतपण, नंतर पेरणी, नंतर आणखी काही. ती आली तेव्हा नातवाचा हात धरून आली.